बुडवून ठेवलेली नाव

चैत्र लागला की मी काठवट पाण्यात ठेवते. मोठ्या घंगाळात पाणी भरायचं, काठवट त्यात घालायची आणि वर वरवंटा ठेवायचा, नाहीतर लाकडाची जात, पुन्हा वर येते. चिखलीच्या या घरात आता भाकरीचं पीठ स्टीलच्या परातीत मळतात, त्यामुळे काठवटीला तसं काही काम उरलेलं नाही. तरी उन्हाने तिला तडा गेलेला मला बघवणार नाही. सूनबाई दरवर्षी विचारते, "आई, हे काऊन बुडवून ठेवता?" मी दरवर्षी सांगते, "उन्हाळ्यासाठी तयार करून राह्यली." ती मान हलवते आणि कामाला लागते. म्हातारीचं डोकं फिरलंय असं तिला वाटत असणार. वाटू दे. मलाही एका उन्हाळ्यात एका अख्ख्या घराबद्दल तसंच वाटलं होतं, आणि खरं सांगायचं तर अजूनही त्या घराचा मला नीट उलगडा झालेला नाही.

मी बुलढाण्याची. वडील कचेरीत कारकून. गाव घाटावर, हवा थंड, कचेऱ्या पुष्कळ आणि नदी म्हणाल तर नाही. पैनगंगा आमच्याकडेच कुठेतरी उगम पावते असं चौथीच्या भूगोलात होतं, पण उगम म्हणजे काय, तर ओली माती आणि दोनचार गवताची पाती. त्या पुस्तकाच्या पहिल्या पानावर 'मध्यप्रांत व वऱ्हाड' असं ठळक छापलेलं होतं आणि आत कुठेतरी शिडाच्या होडीचं चित्र होतं. माझी नावेशी ओळख तेवढीच. अशा मुलीला वडिलांनी पैनगंगेच्या काठावर दिली. फाल्गुनात लग्न झालं, आणि पाडवा झाल्यावर सासरची माणसं मला नदीवर घेऊन गेली. नाव तयार करायची आहे, म्हणाले. मी मनात हरखले. नाव तयार करायची म्हणजे आपल्याला तीत बसायला मिळणार, एवढंच मला समजलं होतं.

नाव वाळूवर पालथी घातली होती. सागाच्या फळ्यांची, बसक्या तळाची, चित्रातल्या होडीपेक्षा आमच्या बुलढाण्याच्या घरच्या दाराशीच तिचं जास्त नातं होतं. सासरे, म्हणजे मामंजी, विळ्याने तिच्या पोटाचं वाळलेलं शेवाळ खरवडत होते. थोरले दीर तीन दगडांच्या चुलीवर राळ आणि जवसाचं तेल कढवत होते. आम्हा जावांकडे जुनी लुगडी फाडून चिंध्या वळायचं काम. त्या चिंध्या राळेत भिजवायच्या आणि मामंजींनी बोथट छिन्नीने फळ्यांच्या सांध्यांत ठोकून बसवायच्या. तो वास अजून माझ्या बोटांना येतो. परवा सुताराकडे पॉलिशचा डबा उघडा होता, तर मी तिथे उगाच उभी राहिले, आणि काय घ्यायला बाहेर पडले होते तेच विसरले.

दुपार कलताना नाव सुलटी केली. नदी एरवी वाळू होऊन पडली होती, पण वळणावर काळ्या खडकाखाली एक डोह होता, तो बारमाही. नाव डोहात ढकलली. सासूबाईंनी, आम्ही त्यांना आत्याबाई म्हणायचो, तिला हळदकुंकू वाहिलं, नारळ फोडला. मी पदर खोचून तयारच होते. तेवढ्यात आत्याबाईंनी काठावरचा एक धोंडा उचलून नावेत ठेवला. मग थोरल्यांनी ठेवला, मग ह्यांनी ठेवला, मग सगळेच धोंडे भरायला लागले. नाव खाली जायला लागली. काठावरून पाणी आत आलं, दोनचार मोठे बुडबुडे निघाले आणि माझ्या डोळ्यांदेखत नाव गेली.

"अहो, बुडाली!" मी ओरडले.

सगळा काठ हसला. हे तर वाळूवरच बसले हसत. माझी थोरली जाऊ गोदाक्का तेवढी हसली नाही, आणि आत्याबाई हसल्या नाहीत.

मामंजींनी पुढे येऊन समजावलं. "बुडाली नाई पोरी, बुडवली. उनात कोरडी राह्यली तं फळ्या आकसते, सांधे उघडे पडते. मंग पानी लागलं का तळातून झरे फुटते. अशी पान्यात राह्यली तं मिरगापर्यंत जशीच्या तशी." मी मान डोलावली, पण डोक्यात काही शिरलं नाही. जिला पाण्यातून वाचवायचं तिला पाण्यातच घालायचं, आणि त्याला तयारी म्हणायचं! रात्री ह्यांना विचारलं तर म्हणाले, "मले काय माहीत, आमच्याकडं असंच करते." लग्नानंतरची कितीतरी वर्षं माझ्या बहुतेक प्रश्नांना ह्यांचं हेच उत्तर होतं.

आता जे मला पुढे कळलं ते तुम्हाला इथेच सांगून टाकते, उगाच कोडं नको. गोदाक्काला तेव्हा दिवस होते आणि आषाढात बाळंतपण यायचं होतं. हे तिचं दुसरं. पहिलं आदल्याच्या आदल्या पावसाळ्यातलं. पहिलटकरीण म्हणून माहेरी धाडायचं ठरलं होतं, पण दिवस भरायच्या आधीच कळा सुरू झाल्या. नदी दुथडी. आमच्या काठाला सुईण नाही, कासाबाई सुईण पलीकडच्या गावात. थोरले नाव घेऊन तिला आणायला निघाले आणि मधोमध तळाच्या फळ्यांतून पाणी यायला लागलं. घमेल्याने उपसून उपसून शेवटी नाव फिरवावी लागली. पुन्हा सांधे बुजवून, पुन्हा जाऊन कासाबाईला आणलं तोवर सगळं आटोपलं होतं. लेकरू गेलं होतं. कासाबाईच्या हातात ते जगलं असतं का, हे कोणी सांगू शकत नाही. पण नाव फुटकी निघाली, हे मात्र सगळ्या घराने पाहिलं होतं.

आणि नाव फुटकी का निघाली, तर त्या उन्हाळ्यात डोह आटला म्हणून. पलीकडच्या काठाला आत्याबाईंचा मळा होता. जमीन मामंजींची, पण मळा आत्याबाईंचा, यात कोणाचं दुमत नव्हतं. वांगी, मिरच्या, गवार, दोडके. चिखलीच्या बाजारात त्यांची वांगी नाव विचारून घेत. काठावर डोहालगत विहिरीसारखा खड्डा खणलेला, त्याला बुडकी म्हणतात. डोहाचं पाणी झिरपून बुडकीत यायचं आणि तिथून मोटेने मळ्यात चढायचं. त्या साली मोट वैशाख सरेपर्यंत चालली, डोह गुडघ्याएवढा झाला, नाव उघडी पडली. मग ती काढून कडुलिंबाखाली ठेवली, वर ओली पोती टाकली, आणि दोनचार दिवसांत पोती ओली करायची कोणाच्या लक्षात राहिली नाही. या सगळ्याबद्दल घरात कोणी चकार शब्द काढत नसे. मळा कोणाचा हे ठाऊक असल्यामुळेच काढत नसतील.

तर नाव बुडवून आम्ही घरी आलो, आणि आत्याबाई ओसरीवर टेकत म्हणाल्या, "औंदा मोट हाकायची नाई."

"मंग मळा?" मामंजींनी विचारलं.

"मळा गेला तेल लावत," त्या म्हणाल्या आणि आत गेल्या.

या एका वाक्यावर आमचा उन्हाळा गेला. तुम्ही विचार करा, मी नवी नवरी, मला मागचं काही ठाऊक नाही. रोज सकाळी वाळूतल्या झिऱ्यावर पाणी भरायला जायचं. शेजारी डोह भरलेला, गार, निळसर. त्याच्या काठाला उभं राहून समोर बघावं तर वांग्याची झाडं माना टाकून उभी. पानं आधी लोंबली, मग पिवळी पडली, मग त्यांना हात लावला तर आवाज यायला लागला. मिरच्या झाडावरच वाळून लाल झाल्या. पाणी आणि मळा यांच्यात मोट ओढताना बैल चालतात त्या धावेएवढं अंतर, आणि बैल गोठ्यात रवंथ करतायत! पलीकडच्या बाया झिऱ्यावर भेटायच्या तेव्हा मला विचारायच्या, "काऊन व, तुह्या सासूले लागीर झालं का?" मलाही तोच संशय होता. वडिलांनी घर पाहिलं, जमीन पाहिली, माणसं शहाणी आहेत का हे विचारायचं राहून गेलं असं वाटायचं.

सूर्य डोक्यावर आला की डोहाचा तळ दिसे. नाव तिथे शांत पडलेली असे, धोंडे पोटाशी घेऊन. बारीक मासे तिच्यात शिरत, एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला जात आणि परत येत. मी हंडा खाली ठेवून बघत बसे. आपल्याला बसायला मिळालं नाही आणि हे मजेत बसलेत, असा मला त्यांचा रागही यायचा. आणखी एक माणूस तिथे रोज येई, ते म्हणजे आत्याबाई. त्या नावेकडे बघत नसत, नावेवर पाणी किती आहे ते बघत. मोट बंद असली तरी ऊन थोडंच बंद होतं? पाणी रोज थोडं उतरे. आत्याबाई काठावरच्या ओल्या रेषेला बोट लावत, पुटपुटत आणि मळ्याकडे पाठ करूनच घरी येत. मळ्याकडे त्यांनी त्या दिवसांत एकदाही तोंड केलेलं मला आठवत नाही. की मीच ते नंतर मनाने भरलं, देव जाणे. एवढ्या वर्षांनी डोळ्यांनी पाहिलेलं कुठलं आणि ऐकलेलं कुठलं, याची फार सरमिसळ झाली आहे.

वैशाखात एकदा ह्यांना राहवलं नाही. मळ्याच्या कोपऱ्यात मिरचीचा एक वाफा अजून हिरवा होता. आईला बरं वाटेल म्हणून हे भर उन्हात बैल घेऊन पलीकडे गेले आणि मोट जोडली. चाकाची कुरकुर घरापर्यंत आली. आत्याबाई भाकरी थापत होत्या. तशाच उठल्या, हाताला पीठ, पायात काही नाही, आणि तापल्या वाळूतून चालत निघाल्या. मी त्यांच्या वहाणा घेऊन मागे धावले, पण त्यांना गाठता आलं नाही.

त्या बैलांच्या पुढ्यात जाऊन उभ्या राहिल्या. "सोड."

"आई, दोन मोटांनं काय डोह आटते?" हे म्हणाले.

"तवाबी दोनच मोटा म्हनल्या होत्या," आत्याबाई म्हणाल्या. "म्याच म्हनल्या होत्या."

मोटेतलं पाणी थारोळ्यातून वाहत मिरचीच्या वाफ्यापर्यंत गेलं आणि तिथे जिरलं. आत्याबाईंनी स्वतः बैलांचं जू सोडलं. "मिरची पुन्हा लावता येते," एवढं बोलून त्या परत फिरल्या. मी वहाणा पुढे ठेवल्या तर त्यांनी पायाने बाजूला सारल्या. त्या दिवशी दुपारी भांडी घासताना मी गोदाक्काला विचारलं, आणि तिने मला तीनचार वाक्यांत सगळं सांगितलं, अगदी कोरड्या आवाजात, हातातली राख थांबू न देता. मला रडू आलं. ती म्हणाली, "तू काऊन रडतं व? मले नाई येत." मला ते फार विचित्र वाटलं. तिचा राग आत्याबाईंवर होता की नव्हता तेही मला कळलं नाही. दोघी एका चुलीशी बसत, एकमेकींच्या ताटात वाढत, आणि त्यांच्यामध्ये काय होतं ते मी शेवटपर्यंत ओळखू शकले नाही.

मग ज्येष्ठ आला आणि सगळंच उलटंपालटं झालं. आकाशात ढगाची चिंधी नाही, वाळू फुटाणे भाजावेत इतकी तापलेली, आणि गोदाक्काला भर दुपारी कळा सुरू झाल्या. याही खेपेला आधीच. थोरले धोतर वर खोचून नदीच्या कोरड्या पात्रातून पळाले आणि कासाबाईला घेऊन आले. ती डोक्यावर पदर, पायांना पळसाची पानं बांधून, उन्हाला शिव्या देत चालत आली. चालत! दिवस मावळायच्या आत पोरगी झाली. चांगली खणखणीत रडली. आमचा सगळा जीव ज्या नावेत अडकला होता, ती डोहाच्या तळाशी धोंड्यांखाली पडून होती आणि तिचं कोणाला कामही पडलं नाही.

घरात आनंद होता, पण तो कसा करावा हे कोणाला सुचेना. मामंजी ओसरीवर येऊन बसले, उठले, पुन्हा बसले. हे हळूच मला म्हणाले, "मंग मळा काऊन जाळला?" दुसऱ्या दिवशी आत्याबाई पहिल्यांदा मळ्यात गेल्या. वाळलेली झाडं त्यांनी मुळासकट उपटली, मोळ्या बांधल्या आणि घरी आणल्या. बाळंतिणीच्या न्हाण्याचं पाणी त्या काड्यांवर तापायला लागलं. काड्यांत मिरचीची झाडंही होती आणि काहींना मिरच्या तशाच राहिल्या होत्या. असा ठसका उठला की अख्खं घर खोकत अंगणात आलं. सगळ्यांच्या डोळ्यांतून पाणी. आत्याबाईंच्याही. कोणाचं कशामुळे, ते त्या धुरात कोण बघतंय?

ती पोरगी आता देऊळगाव राजाला असते, तिलाच नातवंडं आलीत. बालाजीच्या यात्रेला मी गेले की तिच्याकडे उतरते आणि ती हटकून हा किस्सा सांगायला लावते. "म्हंजे काकू, माह्यापायी एवढी वांगी गेली?" म्हणते आणि पोट धरून हसते. मग थोडं थांबून विचारते, "पण मंग बरोबर कोन होतं?" मला आजवर सांगता आलेलं नाही. मोट चालवली असती तरी तिला यायचं तेव्हा ती आलीच असती. आणि पाऊस आधी आला असता तर? मी दोन्ही बाजूंनी विचार करून पाहते आणि दर वेळी मधेच कुठेतरी हरवते. नदीवर आता पूल आहे, बस जाते. नाव कोणी ठेवत नाही, त्यामुळे हा प्रश्न घेऊन मी एकटीच बसलेली असते.

पोरगी झाल्यावर नाव काढायची की नाही यावरही घोळ झाला. थोरले म्हणाले, आता काय घाई आहे. मामंजींनी ऐकलं नाही. पश्चिमेकडे आभाळ काळवंडलं तशी त्यांनी चार माणसं जमवली, डोहात उतरून धोंडे काढले आणि नाव आपण होऊन वर आली. शेवाळाने माखलेली, फळ्या फुगून एकमेकींना घट्ट धरलेल्या. मासे तिच्या काठावरून उड्या मारून गेले. नाव तशीच पाणी भरून काठाशी बांधून ठेवली. कासाबाई रोज सकाळी वाळूतून यायची, लेकराला तेल लावून न्हाऊ घालायची आणि ऊन चढायच्या आत परतायची. एका सकाळी ती अशीच आली. पाऊस आमच्याकडे एक थेंबही नव्हता, वर घाटाकडे कोसळला असणार. गोदाक्काला शेक देऊन कासाबाई निघाली तर नदी गढूळ, फेसाळ, काठोकाठ.

"घ्या!" कासाबाई कपाळाला हात लावून म्हणाली. "आली पायानं, आता जाऊ कशी?"

आत्याबाई तिच्याकडे बघत राहिल्या. मग इतक्या हसल्या, इतक्या हसल्या की मला वाटलं, झालं, खरंच लागीर झालं. "आनायले नाई लागली," त्या म्हणाल्या, "पन न्यायले तं लागली ना!"

दुसऱ्या दिवशी पुराचा जोर ओसरल्यावर थोरल्यांनी नावेतलं पाणी उपसलं आणि तळ चिंध्यांनी पुसून कोरडा केला. कासाबाईला खणनारळ देऊन नावेत बसवलं. आणि आत्याबाईही चढल्या. गोदाक्काचं पहिलं लेकरू गेल्यापासून त्यांनी नावेत पाय ठेवला नव्हता, मळ्यातही पाणी उतरल्यावरच जायच्या, हे मला तेव्हा कोणीतरी कानाशी सांगितलं. आमच्या त्या घराचं परसदार नदीवर उघडायचं. गोदाक्का डोक्याला फडकं बांधून दारात येऊन उभी राहिली. ओली बाळंतीण, तिने बाहेरचं वारं घेऊ नये, पण तिला आत जा म्हणायची माझी छाती झाली नाही. पोरगी तिच्या कुशीत झोपली होती.

नाव मधोमध गेली. थोरले वल्हं मारत होते, कासाबाई बोचकं छातीशी धरून बसली होती. आत्याबाई खाली वाकल्या. तळाच्या फळ्यांवरून त्यांनी पंजा फिरवला, या टोकापासून त्या टोकापर्यंत, सावकाश, धान्य पसरावं तसा. मग सरळ झाल्या आणि पंजा आमच्या दिशेने वर धरला. एवढ्या लांबून मला तर काही दिसलं नाही.

गोदाक्काला दिसलं. "कोरडा हाये," ती म्हणाली. "कोरडा हाये व!" तिने पोरगी माझ्या हातांत दिली, उंबऱ्यावर मटकन बसली आणि तोंडात पदर कोंबून आधीच्या लेकरासाठी रडली. मी त्या घरात आल्यापासून तिला पहिल्यांदाच रडताना पाहत होते. नावेत हे कळायला काही मार्ग नव्हता. नाव काठाला लागेपर्यंत आत्याबाई हात तसाच वर धरून बसल्या होत्या.